अपग्रेडपूर्वी कार्यालयीन नेटवर्कवरील हार्डवेअरची मोजदाद: कोणती यादी खरी मानावी?

कळफलक (धागालेखक)

आमच्या कार्यालयात तीन मजल्यांवर मिळून दीडशेहून अधिक संगणक असून त्यांतील बहुसंख्य अजून विंडोज १० वर चालतात. त्या प्रणालीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा आम्ही वाढीव मुदतीची सुरक्षा अद्यतने घेऊन वेळ मारून नेली. आता कोणती यंत्रे विंडोज ११ वर न्यायची, कोणत्या यंत्रांत मेमरी किंवा एसएसडी घालायची आणि कोणती निकाली काढायची, याचा प्रस्ताव माझ्याकडून मागवण्यात आला आहे. हाताशी डेड स्टॉक नोंदवहीची एक्सेल प्रत आहे आणि तीत १६८ संगणक आहेत; परंतु 'पी-फोर, दुसरा मजला, खिडकीजवळ' अशा नोंदी वाचल्यावर त्या वहीच्या भरवशावर खरेदीची मागणी लिहिण्याचे धाडस होत नाही.

नेटवर्कवरून सर्व यंत्रांची माहिती एकाच वेळी गोळा करणारी साधने आहेत, हे मला ठाऊक आहे. प्रत्येक यंत्रावर एजंट (माहिती पाठवणारा छोटा प्रोग्राम) बसवावा की न बसवता काम भागते, कोणते रकाने आवश्यक आहेत आणि निघालेल्या यादीवर कितपत विसंबावे, याविषयी ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांच्याकडून ऐकायला आवडेल.

उंबरठा

साधनाची निवड थोडी पुढे ढकला आणि आधी प्रस्तावाचा शेवटचा रकाना लिहून काढा. प्रत्येक यंत्रापुढे 'आहे तसे चालेल', 'सेटिंग बदलून चालेल', 'सुटा भाग घालून चालेल' आणि 'बदलावे' यांपैकी एक शेरा येणार असेल, तर त्या शेऱ्यासाठी लागते तेवढीच माहिती गोळा करायची. साधने शेकडो गुणधर्म देतात आणि ते सगळे साठवण्याचा मोह होतो, पण साउंड कार्डाच्या ड्रायव्हरची आवृत्ती तुम्हाला कोणत्याही निर्णयापर्यंत नेत नाही.

विंडोज ११ पुरते बोलायचे, तर किमान ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी साठवण या अटी आज क्वचितच आड येतात. खरी गाळणी तीन ठिकाणी आहे: प्रोसेसर मान्य यादीत असणे, टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या सुरक्षित ठेवणारी सोय) असणे आणि यंत्र यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होऊन सिक्युअर बूट (केवळ विश्वासार्ह प्रणालीच सुरू होऊ देणे) करू शकणे. इंटेलच्या बाबतीत मान्य यादी साधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते आणि एएमडीच्या बाबतीत रायझन २००० मालिकेपासून, मात्र दोन्हींकडे अपवाद आहेत. त्यामुळे 'आय-फाइव्ह' एवढीच नोंद निरुपयोगी असून प्रोसेसरचा संपूर्ण क्रमांक हवा. सहाव्या पिढीतला आय-सेव्हन बाद होतो आणि आठव्या पिढीतला आय-थ्री पात्र ठरतो, ही गोष्ट वरिष्ठांना समजावून सांगताना मला प्रोसेसर मोजण्यापेक्षा अधिक वेळ लागला होता.

या तिन्हींत प्रोसेसर हीच खरी भिंत आहे, कारण उरलेल्या दोन अटी पुष्कळदा फर्मवेअरमधील (यंत्र सुरू करणाऱ्या अंगभूत प्रोग्राममधील, म्हणजे बायोसमधील) सेटिंगपाशी सुटतात.

तिरकी रेघ

एजंटविषयी. डोमेन (सर्व यंत्रांचे मध्यवर्ती व्यवस्थापन) असेल आणि बहुतेक यंत्रे विंडोजची असतील, तर पहिल्या फेरीसाठी एजंटाची गरज नाही. पॉवरशेलमधील गेट-सिम-इन्स्टन्स ही आज्ञा दूरच्या यंत्राकडून प्रोसेसर, मेमरीच्या पट्ट्या, बायोसची आवृत्ती आणि अनुक्रमांक आणून देते. ती विनआरएम ही विंडोजची दूरनियंत्रण सेवा वापरते, म्हणजे ५९८५ हा पोर्ट (नेटवर्कवरील क्रमांकित दार) उघडा लागतो. जुन्या पद्धतीची गेट-डब्ल्यूएमआय-ऑब्जेक्ट डीकॉम या जुन्या यंत्रणेवरून चालते. तिला १३५ आणि त्याखेरीज ऐन वेळी ठरणारे अनेक पोर्ट लागतात, म्हणून दोन मजल्यांच्या मध्ये फायरवॉल असल्यास तीच हमखास अडते. कोणी डब्ल्यूएमआयसीवर आधारलेली जुनी बॅच फाइल देऊ केली तर घेऊ नका, कारण मायक्रोसॉफ्टने ती आज्ञा मोडीत काढली असून विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत ती तयार मिळत नाही.

लॅपटॉप मात्र दूरून विचारणाऱ्या पद्धतीच्या हाती सहसा लागत नाहीत. तुम्ही विचारता तेव्हा ते घरी असतात आणि ते येतात तेव्हा तुम्ही विचारत नसता. तेथे एजंट उपयोगी पडतो, कारण यंत्र नेटवर्कवर आले की तो स्वतःहून माहिती पाठवतो. जीएलपीआय किंवा ओसीएस इन्व्हेंटरी ही मुक्त साधने यासाठी पुरेशी आहेत. जीएलपीआयच्या दहाव्या आवृत्तीपासून ही सोय मूळ पॅकेजातच आली आहे. एजंट बसवायचा नसेल तर मधला मार्गही आहे. ग्रुप पॉलिसीने (डोमेनमधील सर्व यंत्रांना एकदम सेटिंग लावण्याची सोय) प्रत्येक यंत्रावर नियोजित काम लावावे आणि यंत्राने आपली माहिती एका सामायिक फोल्डरात लिहावी, जेथे यंत्रांना लिहिण्याची मुभा असेल पण एकमेकांचे वाचण्याची नसेल. हे काम स्टार्टअप स्क्रिप्टवर सोपवू नये. फास्ट स्टार्टअप (बंद करताना प्रणालीची स्थिती डिस्कवर राखून ठेवण्याची सोय) चालू असेल तर रोज बंद-चालू होणारे यंत्रही खऱ्या अर्थाने नव्याने सुरू होत नाही आणि ती स्क्रिप्ट कित्येक आठवडे चालतच नाही.

एक गोष्ट बजावून सांगतो. दूरून विचारणा करण्यासाठी डोमेन ॲडमिनचे खाते वापरू नका. तपासणीचे साधन नेटवर्कवरील प्रत्येक पत्त्याचे दार त्या खात्याच्या नावाने ठोठावते. त्यांतील एकच यंत्र कोणाच्या ताब्यात गेलेले असले, तरी तुमची ओळख आयती त्याच्या हाती पडण्याचा धोका असतो. वेगळे खाते काढा, त्याला केवळ कार्यालयीन संगणकांवर अधिकार द्या, सर्व्हरांवर देऊ नका आणि काम संपताच ते बंद करा.

पाना-स्क्रू

वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे, पण धागालेखकाचा तिसरा प्रश्न, म्हणजे यादीवर कितपत विसंबावे हा, अजून कोणी हाताळलेला नाही. माझ्या मते अर्धे काम तेथेच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

साधन जे सांगते ते त्याने पाहिलेले नसते. अनुक्रमांक, मॉडेल, मेमरीच्या खाचांची संख्या ही माहिती मदरबोर्डाच्या निर्मात्याने एसएमबायोस नावाच्या तक्त्यात भरून ठेवलेली असते आणि साधन ती वाचून दाखवते. नामांकित कंपनीचे तयार यंत्र असेल तर हा तक्ता बहुधा नीट भरलेला असतो. जुळवलेल्या यंत्रांत मात्र अनुक्रमांकाच्या जागी 'टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.' किंवा 'डिफॉल्ट स्ट्रिंग' अशी वाक्ये सापडतात. ज्या यादीत अनुक्रमांक हीच ओळख मानली आहे, तेथे अशी वीस यंत्रे एकमेकांवर लिहिली जाऊन एकच उरते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. यूयूआयडी (प्रत्येक यंत्राचा वेगळा मानला जाणारा क्रमांक) वापरला म्हणजे सुटलो असे वाटते, पण तेथेही ०३०००२००-०४००-०५००-०००६-०००७०००८०००९ हा एकच क्रमांक मिरवणारे कितीतरी मदरबोर्ड बाजारात आहेत. मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा अंगभूत क्रमांक) घ्यावा, तर यूएसबी डॉकचा पत्ता लॅपटॉपाच्या नावावर चढतो, आणि डॉक बदलला की तोच लॅपटॉप नवे यंत्र म्हणून उगवतो. म्हणून अनुक्रमांक, यूयूआयडी आणि मदरबोर्डावरील नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता या तिन्हींच्या जोडणीवर ओळख ठरवा आणि पेटीवर स्वतःचा क्रमांकाचा स्टिकर लावा. शेवटी तोच खरा ठरतो.

मेमरीचे पाहू. 'एकूण मेमरी' हा रकाना घेऊ नका, कारण त्यातून अंगभूत ग्राफिक्सने राखून ठेवलेला भाग वजा झालेला असतो. ३२-बिट विंडोज असेल तर ८ जीबी बसवलेली असूनही तीनच्या आसपासचा आकडा दिसतो. विन३२ फिजिकल मेमरी या वर्गातून (विंडोजमधील हार्डवेअर-माहितीच्या एका तक्त्यातून) प्रत्येक पट्टी वेगळी वाचा. तेथे मेमरीच्या प्रकाराचा एसएमबायोस सांकेतिक क्रमांक २४ असेल तर डीडीआर३, २६ असेल तर डीडीआर४ आणि ३४ असेल तर डीडीआर५. पट्टीचा प्रकार न पाहता 'सगळ्यांना ८ जीबी वाढवा' अशी मागणी लिहिली, की खाचेत न बसणाऱ्या पट्ट्यांचा खोका कपाटात पडून राहतो. जास्तीत जास्त किती मेमरी बसेल याचा आकडा तक्त्यात असतो, पण तो अनेकदा चुकीचा असतो. त्यासाठी निर्मात्याची पुस्तिकाच पाहावी. पातळ लॅपटॉपांत मेमरी बोर्डावरच डाखलेली असते, तरीही तक्ता खाच असल्याचे सांगतो.

डिस्कबाबत विन३२ डिस्कड्राइव्ह तुम्हाला एसएसडी आणि फिरती डिस्क यांतला फरक भरवशाने सांगत नाही. एमएसएफटी फिजिकल डिस्क या वर्गातील मीडिया टाइप पाहा: ३ म्हणजे फिरती, ४ म्हणजे एसएसडी, ० म्हणजे त्यालाच ठाऊक नाही. स्मार्टची (डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद) माहितीही घ्या. पाचवा गुणधर्म बदलून घेतलेल्या सेक्टरांची मोजणी सांगतो, १९७ वा अनिर्णित सेक्टरांची. हे आकडे वाढत असलेली डिस्क अपग्रेडच्या दिवशीच मान टाकते, कारण त्या दिवशी ती कधी नव्हे एवढी लिहिली-वाचली जाते. डिस्क रेड कंट्रोलरामागे (अनेक डिस्क एकत्र हाताळणाऱ्या कार्डामागे) असेल तर हे सहसा दिसत नाही.

यंत्राचे वय काढताना बायोसची तारीख घेणे ही नेहमीची चूक आहे. बायोस अद्ययावत केला की नऊ वर्षांचे यंत्र दोन वर्षांचे होते. विंडोजची स्थापना-तारीखही प्रत्येक मोठ्या अद्यतनानंतर नवी होते. वयासाठी अनुक्रमांकावरून निर्मात्याच्या संकेतस्थळावरील वॉरंटीची नोंद पाहावी किंवा प्रोसेसरच्या पिढीवरून अंदाज बांधावा.

(अवांतर: विन३२ व्हिडिओ कंट्रोलरमधील ॲडॅप्टर रॅम हा आकडा ३२-बिट असल्याने ४ जीबीच्या पुढे जाऊच शकत नाही. आरेखन विभागातील ८ जीबीचे ग्राफिक्स कार्ड त्यावरून '४ जीबी' ठरवून बदलण्याचा प्रस्ताव मी एकदा परत पाठवला आहे. आणि जाता जाता सॉफ्टवेअरचीही यादी काढू म्हणून विन३२ प्रॉडक्ट हा वर्ग कोणी विचारू नये. तो वाचताना विंडोज प्रत्येक एमएसआय पॅकेजाची फेरतपासणी करते आणि यंत्र मंदावते.)

साधा माणूस

एवढा खटाटोप कशासाठी? दीडशे यंत्रे म्हणजे दोन माणसांचे तीन दिवसांचे काम. वही आणि पेन घेऊन प्रत्येक टेबलापाशी जावे, पाहावे आणि लिहावे. जे डोळ्यांना दिसते ते खोटे बोलत नाही.

पाना-स्क्रू

डोळ्यांना टीपीएम दिसत नाही आणि पेटी न उघडता मेमरीच्या पट्ट्याही दिसत नाहीत, त्यामुळे केवळ वहीवर काम होणार नाही. परंतु तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, कारण फेरी मारल्याशिवाय कळत नाहीत अशा गोष्टी पुष्कळ आहेत. पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे, पेटी बुटकी असल्यामुळे पूर्ण उंचीचे कार्ड बसेल का, कपॅसिटर फुगले आहेत का, मॉनिटरला केवळ व्हीजीए जोडणी आहे का, हे कोणतेही साधन नीट सांगत नाही. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण नव्या यंत्रांना सहसा व्हीजीए नसते आणि बदलाच्या सकाळी साठ टेबलांवर साठ ॲडॅप्टर हवे असतात. मॉनिटरचे मॉडेल आणि अनुक्रमांक दूरून वाचता येतात, त्यामागची केबल मात्र वाकूनच पाहावी लागते.

कळफलक (धागालेखक)

सर्वांचे आभार. तिरकी रेघ यांनी सांगितल्याप्रमाणे वेगळे खाते काढून पॉवरशेलने पहिली फेरी केली आणि लॅपटॉपांसाठी नियोजित काम लावले. दोन आठवड्यांत १५१ यंत्रांनी उत्तर दिले. त्यांपैकी ८४ यंत्रे विंडोज ११ साठी अपात्र दिसत आहेत. हा आकडा मला फार मोठा वाटतो. त्यांतील बऱ्याच यंत्रांत प्रोसेसर आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा आहे, पण टीपीएमच्या रकान्यात 'नाही' असे आले आहे.

उंबरठा

हाच तो सेटिंगचा घोळ. त्या पिढीच्या यंत्रांत टीपीएम प्रोसेसरच्या फर्मवेअरमध्येच असतो. इंटेलकडे त्याला पीटीटी म्हणतात आणि एएमडीकडे एफटीपीएम. तो बायोसमध्ये बंद असेल तर विंडोजच्या दृष्टीने तो अस्तित्वातच नसतो. त्यामुळे तुमचा रकाना 'नाही' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ 'दिसत नाही' एवढाच घ्यावा. जुळवलेल्या यंत्रांत तो बंदच आलेला असणे अगदी सामान्य आहे.

त्याचबरोबर ती यंत्रे लेगसी (यूईएफआयपूर्वीच्या जुन्या) पद्धतीने सुरू होतात का, हे डिस्कच्या विभाजनावरून तपासा. विभाजन एमबीआर (जुन्या पद्धतीचे) असेल तर सिक्युअर बूट चालू करता येणार नाही आणि नुसते बायोसमध्ये यूईएफआय निवडले तर यंत्र सुरूच होणार नाही. विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीपासून एमबीआर-टू-जीपीटी हे साधन सोबत येते. ते माहिती न पुसता एमबीआर विभाजन नव्या जीपीटी पद्धतीत बदलते. आधी बॅकअप घ्यावा, बिटलॉकर (विंडोजची डिस्कला कुलूप घालणारी सोय) चालू असेल तर तात्पुरता स्थगित करावा आणि डिस्कवर तीनपेक्षा अधिक प्राथमिक विभाग नाहीत याची खात्री करावी. टीपीएमच्या सेटिंगला हात लावतानाही बिटलॉकरची पुनर्प्राप्तीची किल्ली हाताशी असू द्या, नाहीतर ४८ अंकी क्रमांक मागणारा निळा पडदा समोर येईल आणि तो क्रमांक कोणापाशीच नसेल.

त्याच फेरीत बायोसची आवृत्तीही नोंदवून ठेवा. सिक्युअर बूटसाठीची २०११ सालची मायक्रोसॉफ्टची प्रमाणपत्रे जून २०२६ पासून कालबाह्य होऊ लागतात आणि नवी प्रमाणपत्रे नीट रुजण्यासाठी काही यंत्रांना निर्मात्याचे फर्मवेअर अद्यतन लागते.

गाठ-सुटी

माझे काम नेटवर्कचे आहे, म्हणून त्या बाजूने दोन गोष्टी सांगतो. उत्तर न दिलेली यंत्रे किती, हे शोधण्यासाठी डीएचसीपी सर्व्हरच्या (यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या) नोंदी आणि स्विचांमधील मॅक पत्त्यांचे तक्ते काढा. पिंगवर विसंबू नका, कारण विंडोजची फायरवॉल पिंगला उत्तर द्यायला बांधील नाही. त्याच सबनेटमध्ये (नेटवर्कच्या त्याच भागात) एआरपीने (पत्त्यावरून मॅक पत्ता विचारण्याची पद्धत) विचारले तर मात्र गप्प बसलेले यंत्रही सापडते. एनमॅप हे नेटवर्क तपासण्याचे साधन वापरणार असाल तर प्रिंटरांची काळजी घ्या. ९१०० या पोर्टावर जे येईल ते काही प्रिंटर निमूटपणे छापतात, म्हणूनच एनमॅप आवृत्ती-शोधात तो पोर्ट आपणहून टाळतो. ती टाळाटाळ बंद केलीत तर कागदांचा ढीग आवरावा लागेल.

दुसरी गोष्ट जोडणीच्या वेगाची. प्रत्येक पोर्टाचा वेग स्विचकडून एसएनएमपीने (नेटवर्क उपकरणांची स्थिती विचारण्याची पद्धत) वाचा. एसएनएमपीची दुसरी आवृत्ती परवलीचा शब्द उघडा पाठवते, म्हणून शक्य तेथे तिसरी वापरा. यंत्र गिगाबिटचे आणि स्विचही गिगाबिटचा असूनही वेग १०० मेगाबिट दिसत असेल, तर केबलमधील चार जोड्यांपैकी एखादी तुटलेली असण्याचा संभव आहे, कारण १०० ला दोन जोड्या पुरतात आणि गिगाबिटला चारही लागतात. अशा जागी नवे यंत्र ठेवले तरी वापरणारा 'पूर्वीइतकेच मंद आहे' असे म्हणेल आणि दोष नव्या यंत्राला लागेल.

साधा माणूस

आणि ज्यांना केबलच लावलेली नाही ती यंत्रे?

गाठ-सुटी

ती तुमच्या वहीतच सापडणार, यात वाद नाही.

कळफलक (धागालेखक)

काम संपत आले आहे, म्हणून आकडे नोंदवतो. प्रत्यक्ष फेरीत १७४ यंत्रे मिळाली. नोंदवहीतल्या १६८ पैकी १५९ जागेवर आढळली, ९ सापडली नाहीत आणि १५ अशी निघाली, ज्यांची नोंदच नव्हती. नेटवर्कवरून उत्तर न देणारी २३ यंत्रे पुढीलप्रमाणे विभागली गेली: ११ अडगळीच्या खोलीत बंद पडून होती, ५ डोमेनमध्ये नव्हती, ४ यंत्रांवर कोणीतरी फायरवॉल स्वतःच्या मनाने लावली होती आणि ३ नेटवर्कला मुळातच जोडलेली नव्हती. साधा माणूस यांचा अखेरचा प्रश्न या तिघांपुरता अचूक होता.

अपात्र ठरलेल्या ८४ पैकी ३८ यंत्रे केवळ टीपीएम आणि लेगसी बूटमुळे अडलेली निघाली. १७४ यंत्रांचा हिशेब आता असा आहे: ७१ आहे तशी चालतील, ३८ सेटिंग बदलून चालतील, ५२ प्रोसेसरमुळे बदलावी लागतील आणि १३ वेगळी ठेवली आहेत. पात्र १०९ यंत्रांपैकी २७ मध्ये अजून फिरती डिस्क आहे. तेथे एसएसडी घालण्याचे सुचवले आहे. मेमरीची मागणी मी डीडीआर३ आणि डीडीआर४ अशी वेगळी करून लिहिणार होतो, पण पात्र यंत्रांत डीडीआर३ एकही उरली नाही, त्यामुळे तो रकाना आपोआप गळला.

पाना-स्क्रू यांचा अनुक्रमांकाचा इशारा माझ्याकडे तंतोतंत खरा ठरला. पहिल्या यादीत मी अनुक्रमांकावर पुनरुक्ती काढून टाकली होती आणि लेखा विभागाची जुळवलेली सहा यंत्रे एकाच ओळीत विरून गेली होती. तो विभाग मिळून एकच संगणक वापरतो असे दिसल्यावर शंका आली.

तिरकी रेघ

त्या १३ यंत्रांचे काय कारण? प्रस्ताव वाचणारा पहिला प्रश्न तोच विचारेल.

कळफलक (धागालेखक)

ती एखाद्या उपकरणाला बांधलेली आहेत. कोठे मोजमापाचे यंत्र सीरियल पोर्टावर आहे, कोठे जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर केवळ ३२-बिट आहे, आणि एके ठिकाणी १६-बिटचा जुना प्रोग्राम अजून रोज चालतो. विंडोज ११ फक्त ६४-बिट स्वरूपात येत असल्याने ३२-बिट ड्रायव्हर आणि १६-बिट प्रोग्राम तेथे चालणार नाहीत, मग प्रोसेसर कितीही नवा असो. या १३ पैकी ४ यंत्रे हार्डवेअरच्या दृष्टीने पात्र आहेत आणि केवळ साधनाच्या अहवालावर विसंबलो असतो तर ती पहिल्याच दिवशी अपग्रेड करून उपकरणे बंद पाडली असती.

त्यांच्यापुढे मी यंत्राऐवजी उपकरणाचे नाव लिहिले आहे आणि निर्णय संबंधित विभागावर सोपवला आहे. तोपर्यंत नेटवर्कवर असलेली १० यंत्रे गाठ-सुटी यांच्या सल्ल्याने वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) हलवतो आहे, आणि मुळातच न जोडलेल्या ३ यंत्रांच्या डिस्कची पूर्ण प्रत आज संध्याकाळी काढून ठेवतो.